पंप गेला, पेट्रोल राहिले

अमेरिकेतल्या जुन्या गावांमध्ये मुख्य चौकाच्या कोपऱ्यावर कधीकधी एक रिकामी जागा पडून असते. दोन्ही बाजूंना रस्ता, येण्याजाण्याची सोय, आजूबाजूला वस्ती. तरी ती वर्षानुवर्षे विकली जात नाही. जवळ जाऊन पाहिले तर डांबरात एक मोठे आयताकृती ठिगळ दिसते आणि मागच्या भिंतीला लागून दोन-तीन बारीक लोखंडी नळ्या वर गेलेल्या असतात. तिथे पूर्वी पेट्रोल पंप होता. पंपाची यंत्रे, छत आणि फलक काढायला थोडे दिवस पुरतात. जमिनीत मुरलेले पेट्रोल मात्र मालक बदलला म्हणून कुठे जात नाही. ते किती उरले आहे, कुठे आहे आणि आज त्याचा कोणाला त्रास होऊ शकतो, हे शोधण्याची एक शिस्तबद्ध पद्धत गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेत तयार झाली. ती तिथे तयार झाली, कारण नुकसानही तिथेच आधी मोठ्या प्रमाणावर लक्षात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या तसे पंपही वाढले आणि जमिनीखाली लाखो टाक्या पुरल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक साध्या पोलादाच्या होत्या, गंजापासून कसलेही संरक्षण नसलेल्या. ओलसर मातीत पोलाद गंजते, आधी बारीक खड्डे पडतात आणि मग आरपार भोक. टाकीपेक्षाही वाईट अवस्था तिला जोडलेल्या वाहिन्यांची असे, कारण सांधे तिथे जास्त. हा प्रकार जमिनीखाली चाललेला असल्यामुळे शेजारच्या विहिरीला वास येईपर्यंत किंवा कोणाच्या तळघरात वाफ साठेपर्यंत पत्ता लागत नसे. अमेरिकी काँग्रेसने १९८४ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला. १९८६ मध्ये साफसफाईसाठी निधी उभारला. त्यासाठी प्रत्येक गॅलन इंधनामागे एका सेंटचा दहावा हिस्सा कर बसवला. १९८८ मध्ये सविस्तर नियम आले आणि पंपवाल्यांना दहा वर्षांची मुदत मिळाली. २२ डिसेंबर १९९८ पर्यंत टाकी गंजरोधक करा, बदला किंवा बंद करा. हजारो छोट्या पंपांना हा खर्च झेपण्यासारखा नव्हता. त्यांनी बंद करण्याचा मार्ग धरला. कोपऱ्यावरच्या त्या रिकाम्या जागांपैकी कित्येक या मुदतीने तयार झालेल्या आहेत. कायदा आल्यापासून आजवर तिथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे नव्वद टक्के ठिकाणांचे काम सरकारी दप्तरी पूर्ण झाले आहे, तरी हजारो जागा अजून शिल्लक आहेत.

गळती म्हटले की डोळ्यांसमोर धो धो वाहणारे तेल येते. प्रत्यक्षात बहुतेक जागा थेंबाथेंबाने बिघडतात. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा बराच लहान असतो. तरी सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला साधारण दोन लिटर होतात आणि वर्षाला सातशे. आता हे अमेरिकी नियमांशी ताडून पाहावे. टाकीच्या घट्टपणाची जी काटेकोर चाचणी असते, तिला तासाला ०.१ गॅलन, म्हणजे दिवसाला सुमारे नऊ लिटर इतकी गळती पकडता आली पाहिजे, अशी अट आहे. याहून मंद गळती त्या चाचणीतून निसटू शकते. म्हणून ‘टाकी चाचणीत उत्तीर्ण झाली होती’ हा पुरावा मी कधीच पुरेसा मानणार नाही. पंप वीस वर्षे चालला असेल आणि सगळे दाखले व्यवस्थित असतील, तरीही जमिनीला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. तपासणीत सगळ्यांत जास्त लक्ष चार जणांवर असते : बेंझिन, टोल्युईन, इथाइलबेंझिन आणि झायलीन. ही चारही पाण्यात थोडीफार विरघळतात आणि सहज उडतात, त्यामुळे ती मूळ जागा सोडून पुढे जाऊ शकतात. त्यांत बेंझिन सर्वांत घातक. त्याने माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅम. या आकड्यांचा अर्थ हिशेब केल्यावर कळतो. पेट्रोलमध्ये आकारमानाने एक टक्का बेंझिन धरले, तर एका लिटरमध्ये ते सुमारे पावणेनऊ ग्रॅम भरते. तेवढे सगळे पाण्यात मिसळले, तर साडेसतरा लाख लिटर पाणी अमेरिकी मर्यादेपर्यंत पोहोचते. हे एका लिटरचे गणित झाले, आणि आपण वर वर्षाला सातशे लिटरची गळती मंद म्हणून मोजली.

जमिनीत शिरलेले पेट्रोल एका रूपात राहत नाही, आणि तपासणीतल्या बहुतेक चुका इथेच होतात. टाकीखालून ते सरळ खाली उतरते. उतरताना मातीच्या कणांमध्ये थोडेथोडे अडकून राहते. हे अडकलेले पेट्रोल पंपाने उपसून निघत नाही. भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचले की ते थांबते, कारण पाण्यापेक्षा हलके आहे, आणि आडवे पसरते. पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, तिच्याबरोबर पेट्रोलही वर-खाली होते आणि पूर ओसरल्यावर भिंतीवर चिखलाचा पट्टा राहावा तसा मातीत पेट्रोलने माखलेला एक जाड थर मागे राहतो. त्या थरातून बेंझिनसारखी द्रव्ये हळूहळू पाण्यात विरघळत राहतात आणि भूजल वाहील तिकडे लांबट पट्टा तयार होतो. शिवाय मातीच्या पोकळ्यांतून वाफ वर चढते. म्हणजे एकाच गळतीचे पेट्रोल मातीत अडकलेले, पाण्यावर तरंगणारे, पाण्यात विरघळलेले आणि हवेत उडालेले अशा चार ठिकाणी शोधावे लागते. एका ठिकाणी सापडले नाही म्हणून उरलेल्या तीन ठिकाणी नाही, असे म्हणता येत नाही.

तपासणीचा पहिला टप्पा कागदांचा असतो. जमीन उकरायची नाही. अमेरिकेत तो एका ठरीव मानकानुसार चालतो आणि कर्ज देणारी बँक बहुधा तो मागतेच. जागेच्या पूर्वीच्या मालकांची साखळी, जुन्या शहर-निर्देशिका, दशकादशकाची हवाई छायाचित्रे, अग्निशमन दलाकडचे परवाने, सरकारी गळती-नोंदी, शेजाऱ्यांच्या आणि जुन्या कामगारांच्या मुलाखती, असे सगळे गोळा करतात. त्यांतला एक दस्तऐवज मला विशेष आवडतो. सॅनबॉर्न नावाच्या कंपनीने १८६७ पासून अमेरिकी शहरांचे अग्निविम्यासाठी नकाशे काढायला सुरुवात केली. विमा कंपनीला आग कुठे लागू शकते हे जाणून घ्यायचे होते, म्हणून त्या नकाशांवर इमारतीचे बांधकाम लाकडी की विटांचे, आणि पेट्रोलच्या टाक्या कुठे पुरल्या आहेत, हेही दाखवलेले असे. त्या नकाशाकारांच्या मनात भूजल असण्याचे काही कारण नव्हते. तरी आज जिथे कपड्यांचे दुकान आहे, तिथे १९२० च्या दशकात पेट्रोलची टाकी होती हे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदावरून कळते. एकाच जागेवर वेगवेगळ्या काळातले दोन किंवा तीन पंप होऊन गेल्याचेही त्यातून उघड होते, आणि प्रत्येक पंपाच्या टाक्या वेगळ्या ठिकाणी असू शकतात.

कागदांनंतर जागेवर फिरणे. भिंतीलगतच्या नळ्या म्हणजे टाकीची हवा बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या. त्या उभ्या असतील तर टाकी अजून खाली असण्याची शक्यता मोठी. काँक्रीटमधले ठिगळ, टँकर रिकामा करायची झाकणे, खचलेला डांबराचा भाग, हे सगळे टिपायचे. पण अनुभवी माणूस पंपांच्या जागेइतकाच वेळ मागच्या गॅरेजमध्ये घालवतो. जुन्या पंपांना दुरुस्तीची जागा जोडलेली असायची. तिथे गाडी उचलायचा हायड्रॉलिक जॅक जमिनीत गाडलेला, वापरलेले इंजिन ऑइल साठवायची एक लहान टाकी आणि फरशीतले गटार. ते गटार कित्येक ठिकाणी सरळ एका शोषखड्ड्यात जाई. यंत्रांचे भाग धुवायला क्लोरीनयुक्त द्रावके वापरत. ती पाण्यापेक्षा जड असल्यामुळे भूजलाच्या पातळीवर न थांबता तळाशी जातात. पेट्रोल शोधायला आखलेली तपासणी त्यांना हमखास चुकवते. माझ्या मते जुन्या पंपांच्या पाहणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा भाग हाच.

जागेचे वय कळले की प्रयोगशाळेला काय विचारायचे तेही ठरते. अमेरिकेत मोटारींच्या पेट्रोलमधले शिसे १९९६ च्या सुरुवातीला पूर्ण बंद झाले. भारतात २००० साली. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे आणि इंजिनात शिसे साठू नये म्हणून इथिलीन डायब्रोमाइड आणि डायक्लोरोइथेन ही द्रव्ये घालत. इथिलीन डायब्रोमाइडची पिण्याच्या पाण्यातली अमेरिकी मर्यादा लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, बेंझिनच्या शंभर पट कडक. १९७० सालच्या पंपाची जागा तपासताना फक्त बेंझिनची चाचणी मागितली, तर अहवाल स्वच्छ येऊनही पाणी पिण्याजोगे नसेल. असा अहवाल खोटा नसतो. त्याला विचारलेला प्रश्न अपुरा असतो.

दुसऱ्या टप्प्यात जमिनीत उतरतात. आधी भूभेदी रडार किंवा चुंबकीय उपकरण फिरवून पुरलेल्या टाक्या आणि वाहिन्या शोधायच्या, म्हणजे त्यांनाच छिद्र पडणार नाही. मग एका लहान गाडीवरच्या यंत्राने पोकळ पोलादी नळी जमिनीत ठोकून मातीचा सलग गाभा बाहेर काढतात. छिद्रे कुठे घ्यायची, यावर सगळे अवलंबून. टाकीची दोन्ही टोके, टँकर रिकामा करायची तोंडे, प्रत्येक पंपाच्या यंत्राखालची जागा, वाहिन्यांचे सांधे आणि वळणे. गळती इथेच होते. मोकळ्या आवाराच्या मध्यभागी सोयीस्कर चार छिद्रे घेऊन सगळे ठीक असल्याचा दाखला देणारा अहवाल ज्या कागदावर छापला असेल, त्याइतकीही त्याची किंमत नाही.

गाभा बाहेर आला की त्याचा थोडासा भाग पिशवीत बंद करून वरची हवा एका हातातल्या उपकरणाने तपासतात. उडणारी सेंद्रिय द्रव्ये किती आहेत याचा अंदाज त्याच मिनिटाला येतो. जिथे आकडा सर्वांत मोठा, तिथला नमुना प्रयोगशाळेला. शिवाय भूजलाच्या पातळीजवळचा एक आणि सगळ्यांत खालचा स्वच्छ वाटणारा एक, म्हणजे प्रदूषण कुठे संपते ते कळते. या कामात घाई आणि ऊन दोन्ही शत्रू आहेत. बेंझिन साध्या हवेत उडून जाते. माती सैल हाताने बरणीत भरली, बरणी उन्हात ठेवली आणि संध्याकाळी पाठवली, तर अर्धा पुरावा वाटेतच नाहीसा होतो आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे कमी आकडा देते. म्हणून मातीचा ठरावीक तुकडा ताबडतोब मिथेनॉलमध्ये बुडवतात किंवा हवाबंद कुपीत घेतात, बर्फात ठेवतात आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची सही-वेळेसह नोंद ठेवतात. सोबत शुद्ध पाण्याची एक कुपी सगळा प्रवास करून येते. तिच्यातही बेंझिन निघाले, तर दोष जमिनीचा नाही हे समजते. अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिलेले असेल, तर उपकरणाला किमान किती सापडू शकत होते तो आकडा शेजारी पाहावा. पन्नास मायक्रोग्रॅमखाली काहीच न दिसणाऱ्या पद्धतीने ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा तपासता येत नाही.

पाण्यासाठी निरीक्षण-विहिरी घेतात, साधारण दोन इंच व्यासाच्या. कमीत कमी तीन लागतात, कारण तीन ठिकाणची पातळी कळल्याशिवाय भूजल कोणत्या दिशेला वाहते ते काढता येत नाही. रस्त्याचा उतार पाहून दिशा ठरवणे धोक्याचे आहे. शेजारच्या एका मोठ्या उपशाच्या विहिरीने प्रवाह उलटा फिरवलेला असू शकतो. केसिंगचा जाळीदार भाग पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे यायला हवा. जाळी पूर्ण पाण्याखाली गेली, तर वर तरंगणारे पेट्रोल विहिरीत शिरतच नाही आणि अर्धा फूट जाडीचा थर शेजारी असूनही नमुना स्वच्छ निघतो. पातळी ऋतूंनुसार बदलते, त्यामुळे एकाच वेळचा नमुना पुरत नाही. पाणी चढलेले असताना माखलेला थर बुडून जातो, तेव्हा तरंगते पेट्रोल दिसेनासे होते. उतरल्यावर तेच परत दिसते. वर्षातून निदान दोनदा, चढ्या आणि उतरत्या पातळीला, पाणी घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

प्रदूषण किती लांब गेले असेल, हा प्रश्न शेजाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने गळक्या टाक्यांच्या शेकडो ठिकाणांचा अभ्यास केला. त्यात आढळले की बेंझिनचा पाण्यातला पट्टा २५० फुटांपलीकडे क्वचितच जातो. जमिनीतले जिवाणू बेंझिन खातात. त्यासाठी ते आधी पाण्यातला प्राणवायू वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट. त्यामुळे गळतीच्या भोवतालच्या पाण्यात प्राणवायू आणि नायट्रेट घटलेले आणि विरघळलेले लोह वाढलेले दिसले, तर जिवाणू कामाला लागले आहेत असे समजता येते. या निष्कर्षाने अनेक राज्यांचे धोरण बदलले. सगळी माती खणून काढण्याऐवजी मूळ स्रोत काढा आणि उरलेल्याला निसर्ग खातो की नाही यावर लक्ष ठेवा, असा विचार रुजला. मला तो मुळात पटतो. पण त्यातला ‘लक्ष ठेवा’ हा भाग खर्च वाचवताना गळून पडतो, हेही तितकेच खरे आहे.

त्या अभ्यासाच्या पुढच्याच वर्षी एका वेगळ्या द्रव्याने हा विश्वास हलवला. पेट्रोल स्वच्छ जळावे म्हणून अमेरिकेत एमटीबीई हे रसायन मिसळले जात होते. ते पाण्यात भरपूर विरघळते, मातीला चिकटत नाही आणि जिवाणूंना पचायला जड जाते. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या विहिरींमध्ये ते सापडले. शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पाणीपुरवठ्याचा सुमारे निम्मा हिस्सा गेला. फार थोडे एमटीबीईसुद्धा पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव आणि वास आणते. अखेर २००४ च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियाने त्यावर बंदी घातली. बेंझिनच्या पट्ट्यांवरून बांधलेला अंदाज या द्रव्याला लागू पडला नाही. पेट्रोलमध्ये काय मिसळले होते हे विचारल्याशिवाय ते किती लांब गेले असेल ते सांगता येत नाही, हे सांता मोनिकाच्या नागरिकांनी फार मोठी किंमत देऊन जगाला दाखवले.

खडक कोणता आहे, याने तर सगळे गणित पुन्हा मांडावे लागते. मेरिलँड राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावी २००६ च्या जानेवारीत एक्सॉन या तेल कंपनीच्या पंपाच्या एका वाहिनीला छिद्र पडले आणि महिनाभर ते कोणाच्या लक्षात आले नाही. सुमारे २६ हजार गॅलन, म्हणजे लाखभर लिटर पेट्रोल जमिनीत गेले. तिथल्या घरांना पिण्याचे पाणी स्वतःच्या विहिरींतून मिळे. खाली भेगाळलेला कठीण खडक होता, त्यामुळे पेट्रोल वाळूत पसरावे तसे एकसारखे पसरले नाही, भेगांच्या रेषेने लांबवर धावले. अशा जागी एका विहिरीत काहीच नाही आणि तिच्यापुढच्या विहिरीत भरपूर, असे घडते. रहिवाशांचे खटले कित्येक वर्षे चालले.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला आपली जमीन आठवली पाहिजे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. वर काळी माती किंवा मुरूम, खाली भेगाळलेला खडक, त्याखाली घट्ट पाषाण, पुन्हा लाल मातीचा किंवा पोकळ्यांचा थर, अशी रचना. विंधन विहिरीचे पाणी या भेगांतूनच येते. म्हणून एकाच आळीत एकाच्या बोअरला पाणी आणि शेजाऱ्याच्या बोअरला धूळ, हे आपण नेहमी पाहतो. पाण्याची ही वाट पेट्रोललाही मोकळी आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या रुंद भेगा तर पृष्ठभागावर सांडलेल्या इंधनाला थेट खाली नेतात. कॅलिफोर्नियातल्या जागांवरून काढलेले अडीचशे फुटांचे मोजमाप इथे डोळे झाकून वापरणे धोक्याचे ठरेल. इथे जवळपासच्या प्रत्येक चालू बोअरचे पाणी तपासावे लागेल, अंतर कितीही सुरक्षित वाटले तरी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे बदलली आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल जिवाणूंना बेंझिनपेक्षा अधिक आवडते. गळती झाली की ते आधी इथेनॉल खातात आणि त्यात भूजलातला प्राणवायू संपवतात; बेंझिन तेवढा काळ न खाल्लेले राहते आणि पट्टा लांबू शकतो. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे टाकीच्या तळाशी पाण्याचा थर साठला की जुन्या पोलादी टाकीचा गंजही वाढतो. पंपावर रोज डिप रॉडला वॉटर पेस्ट लावून पाणी पाहतात, ते अशासाठीच. त्या रोजच्या डिपची आणि विक्रीची वही बंद पंपाच्या जागेवर मिळाली, तर ती सोन्यासारखी जपावी. आलेला माल, विकलेला माल आणि टाकीतला माल यांचा महिनोन्‌महिन्यांचा फरक एकाच बाजूला झुकत असेल, तर पेट्रोल कुठे गेले याचे उत्तर बहुधा पायाखाली असते.

शेवटी येतो घरात शिरणाऱ्या वाफेचा प्रश्न, आणि नवीन बांधकाम करणाऱ्याला तोच सर्वांत जवळचा. पेट्रोलची वाफ मातीतून वर येताना प्राणवायू मिळाला तर जिवाणू तिला वाटेतच खाऊन टाकतात. म्हणून अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये सुरक्षित अंतरे सुचवली. पाण्यात विरघळलेले पेट्रोल इमारतीच्या तळापासून सहा फूट खाली असेल आणि तरंगते पेट्रोल पंधरा फूट खाली असेल, आणि मधली माती स्वच्छ व हवेशीर असेल, तर वाफेचा धोका सहसा उरत नाही. पण हा ‘हवेशीर’ शब्द नीट वाचावा. मोठ्या इमारतीचा काँक्रीटचा ओटा आणि भोवतीचे फरसबंद आवार हवा अडवतात. जिथे तळघरात वाहनतळ किंवा दुकाने काढायची आहेत, तिथे तर इमारत स्वतःच पेट्रोलच्या थराकडे खाली उतरते. अशा ठिकाणी फरशीखालच्या मातीतली हवा नळीने ओढून तपासायला हवी. आणि ओढताना वरची हवा गळून मिसळली नाही ना, हे पाहायला नळीभोवती हेलियम सोडून तो नमुन्यात येतो का तेही तपासायला हवे.

हे सगळे आकडे जमले म्हणजे निर्णय होतो असे नाही. स्रोत कुठे आहे, तिथून माणसापर्यंत जायला वाट आहे का, आणि वाटेच्या टोकाला कोण आहे, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्यावर धोका ठरतो. पंधरा फूट खोल माखलेली माती वाहनतळाखाली राहू शकते. तीच माती बोअरशेजारी असेल तर काढावी लागते. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून ही धोक्यावर आधारलेली पद्धत चालते आणि काही प्रदूषण जागीच ठेवून, त्या जमिनीवर विहीर खणायला किंवा घर बांधायला कायमची बंदी घालून, जागा वापरात आणतात. ही बंदी जमिनीच्या कागदांना चिकटलेली असते, त्यामुळे पुढच्या खरेदीदाराला ती दिसते.

आपल्याकडे ही साखळी तुटते. सातबारा आणि फेरफारावर मालक दिसतो, प्रॉपर्टी कार्डावर मोजणी दिसते, सर्च रिपोर्टमध्ये गहाण-बोजा दिसतो. जमिनीखालची टाकी यांतल्या कशातच दिसत नाही. पंप सुरू करताना मात्र पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी लागते आणि तिच्यासाठी टाक्या दाखवणारा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. या संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नवीन पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासूनच्या अंतराचे निकष दिले. २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियमही आले. त्यांत संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायच्या, राज्य मंडळाने तपासायच्या आणि प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यायचा, अशी चौकट आहे. चौकट चांगली आहे. पण बंद पडलेल्या पंपाची जागा कोणी कळवलीच नाही, तर ती त्या चौकटीत येणार कशी? कळवणारा बहुधा शेजारी, सोसायटीचा सभासद किंवा जागा घेणारा माणूसच असेल.

म्हणून ज्यांना अशी जागा घ्यायची आहे, किंवा ज्यांच्या सोसायटीची बोअर बंद पंपाच्या जवळ आहे, त्यांना माझी विनंती आहे. विक्रेत्याकडून पंपाचा मंजूर आराखडा मागा, टाक्या काढल्याचा दाखला मागा, आणि टाक्या काढल्यानंतर खड्ड्याच्या तळातून व बाजूंतून घेतलेल्या नमुन्यांचा अहवाल मागा. बोअरचे पाणी पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, बेंझिन मोजू शकणाऱ्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. वास येत नाही यावर विसंबू नका. आणि हे तीन कागद मिळेपर्यंत खरेदीखतावर सही करू नका.